जेवणानंतरची पंधरा मिनिटं: घरात कौटुंबिक प्रार्थना कशी बसवायची

ख्रिस्ती घरातली कौटुंबिक प्रार्थना बहुतेक ठिकाणी एकाच कारणाने बंद पडते: ती लांबते. पहिल्या दिवशी उत्साहात तीन गीतं, एक अख्खा अध्याय, त्यावर वडिलांचा अर्ध्या तासाचा उपदेश आणि मग सगळ्यांची आळीपाळीने प्रार्थना. धाकटं पोर तिथेच कलंडतं, थोरलीचा गृहपाठ राहतो, सकाळचा डबा डोळ्यांपुढे असलेली आई मनातल्या मनात घड्याळ बघत असते. चौथ्या दिवशी कुणीतरी 'आज राहू दे' म्हणतं आणि ते 'आज' पुढे महिनोन्‌महिने चालतं. म्हणून आधीच ठरवा: पंधरा मिनिटं. गीताला तीन, वाचनाला पाच, बोलण्याला तीन-चार, प्रार्थनेला तीन-चार. पोरं 'अजून वाचा' म्हणाली तरी पुस्तक मिटायचं. उद्या बसायची ओढ राहिली पाहिजे.

संडे स्कूल आहे, तरुण संघ आहे, मग घरी वेगळं कशाला, असं पुष्कळांना वाटतं. साधा हिशेब करा. संडे स्कूल आठवड्याला एक तास धरलं तर वर्षाचे ५२ तास, तेही एकही रविवार चुकला नाही तर. घरी आठवड्यातले सहा दिवस पंधरा मिनिटं बसलात तर वर्षाचे ७८ तास होतात. आणि तासांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पवित्र शास्त्राने, म्हणजे बायबलने, हे काम कुणावर टाकलंय ती. अनुवाद ६:६-७ मध्ये घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी वचनाबद्दल बोलायला सांगितलंय ते आईबापांना. इफिस ६:४ मध्ये तर बापांनाच नाव घेऊन सांगितलं आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तिथून धरलं तर इथल्या काही घरांत आज ख्रिस्ती विश्वासाची चौथी-पाचवी पिढी वाढते आहे. एवढ्या पिढ्यांनंतर धोका असतो तो नाव मंडळीच्या (चर्चच्या) वहीत राहण्याचा आणि पुस्तक कपाटात राहण्याचा.

चालवायचं कोणी? वडील घरात असतील आणि विश्वासात असतील तर त्यांनी. वाचता नीट येत नाही, बोलता येत नाही ही सबब नाही. अडखळत वाचणारा बाप रोज पुस्तक उघडतो हेच मुलं बघत असतात. वडील नसतील, किंवा त्यांना नको असेल, तर आईने बिनदिक्कत सुरू करावं. तीमथ्याचं घर आठवा. बाप ग्रीक होता (प्रे. कृत्ये १६:१). विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून (२ तीमथ्य १:५), आणि बाळपणापासून त्याला शास्त्र ठाऊक होतं (२ तीमथ्य ३:१५). मात्र नवऱ्याला टोमणा मारायला ही वेळ वापरू नका. तो बाजूच्या खोलीत असेल तर दार उघडं ठेवा, म्हणजे झालं.

वेळ आणि जागा

घड्याळाला बांधलेली वेळ कोल्हापूरच्या घरात टिकत नाही. ती रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या कामाला बांधायची. सगळ्यांत टिकाऊ जागा म्हणजे रात्रीचं जेवण संपल्यावर, ताटं उचलून झाल्यावर आणि भांडी घासायच्या आधी. जेवणाआधी बसलं तर दोन गोष्टी बिघडतात: पोरं भुकेजलेली असतात, आणि आई तव्यापाशी भाकरीत अडकलेली असल्यामुळे नेमकी तीच बाहेर राहते. भांडी झाल्यावर बसलं तर प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात पांगलेला असतो, गोळा करण्यातच दहा मिनिटं जातात.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत शिफ्ट असेल तर वेळ शिफ्टबरोबर फिरवा. फर्स्ट शिफ्टला रात्रीचं जेवण ठीक. सेकंडला वडील परततात तेव्हा पोरं झोपलेली असतात, म्हणून त्या आठवड्यात सकाळी शाळेच्या डब्याआधी दहा मिनिटं. नाईट असेल तर ते घरातून निघण्याआधी. रविवारीच पुढच्या आठवड्याची वेळ सांगून टाका. 'बघू जमेल तसं' म्हटलं की जमत नाही.

जागा कुठलीही चालते, चटई अंथरली की पुरे. टीव्हीचा आवाज बारीक करू नका, बटण बंद करा. आवाज नसलेल्या पडद्याकडेही डोळे जातातच. मोबाइल दुसऱ्या खोलीत, वडिलांचासुद्धा. वाचायला छापील पुस्तक घ्या. मोबाइलमध्ये वचन सापडतं, पण पुस्तक किती मोठं आहे, यशया कुठे येतो, जुना करार किती जाड आणि नवा किती पातळ, हे बोटांना कळत नाही. ज्या मुलाला सरळ वाचता येतं, साधारण तिसरीपासून, त्याला स्वतःचं पवित्र शास्त्र घेऊन द्या आणि त्यात पेन्सिलीने खुणा करू द्या. आजी-आजोबांसाठी मोठ्या टाइपाचं. आजीला वाचता येत नसेल तर तिच्याकडे पाठ असलेलं स्तोत्र किंवा गीत मागा. ते तिच्याकडे हमखास असतं.

भाषेची अडचण

ही अडचण आता घरोघरी आहे. पोरं इंग्रजी माध्यमात जातात, मराठी बोलतात पण वाचताना जोडाक्षरापाशी थांबतात. सोपं म्हणून इंग्रजी बायबलवर जाऊ नका. आजी तिथेच बाहेर पडते, आणि मुलाचा देवाशी बोलायचा शब्दसंग्रह घरच्या भाषेतून उठतो. त्यापेक्षा असं करा: मुलाला फक्त तीन ओव्या (अध्यायातली क्रमांक दिलेली वचनं) द्या, आणि त्या दुपारीच सांगून ठेवा म्हणजे तो आधी एकदा वाचून बघेल. फारच अडखळत असेल तर स्तोत्रसंहितेपासून सुरुवात करा. तिथे बहुतेक ओवी दोन अर्ध्यांची असते, एक अर्धा मोठ्याने वाचायचा आणि दुसरा त्याने. चुकलं तर मध्ये टोकू नका, ओवी संपल्यावर तो शब्द एकदा बरोबर म्हणा आणि पुढे चला. नबुखद्नेस्सर, यहोशाफाट असली नावं मोठ्यांनीच आधी म्हणून ठेवावीत. बाप नावापाशी हसला की सगळी बैठक हसण्यात जाते.

घरात एकच भाषांतर ठेवा, नाहीतर पाठांतर कधी बसत नाही. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र मंडळीत वाचलं जातं, म्हणून घरीही तेच बरं. अर्थ लागला नाही तर सोप्या मराठीतलं भाषांतर शेजारी उघडावं. साध्या बायाबापड्यांना कळावं ही कळकळ मराठीत नवी नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं शास्त्र मराठीत आणलं ते याच ओढीने, आणि ते छापून पुरं झालं १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

शब्द अडतात तिथे थांबायला लाजू नका. मार्क १०:४५ मध्ये मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देतो. आजच्या मुलाने 'खंडणी' हा शब्द ऐकलेला असतो तो पेपरात, गुंड व्यापाऱ्याकडे मागतात त्या अर्थाने. समजावलं नाही तर तारणाचा गाभाच त्याच्या डोक्यात उलटा बसतो. त्याला सांगा: कैदी किंवा गुलाम सोडवून घ्यायला जी किंमत भरतात ती, आणि इथे ती भरणारा स्वतःच किंमत झाला. जकातदार मात्र कोल्हापूरच्या पोरांना सोपा आहे. जकात बंद झाली तरी शिरोली नाक्यासारखी नावं राहिली आहेत, तेव्हा येशूने बोलावलेला जकातदार लेवी कुठे बसला होता ते चटकन कळतं. मग विचारा, लोक त्याच्यावर का चिडायचे? रोमी सत्तेच्या व्यवस्थेत स्वतःच्याच लोकांकडून वसुली, आणि वर जादा काढलेलं खिशात.

काय वाचायचं, किती वाचायचं

शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत, जुन्या करारात ९२९ आणि नव्यात २६०. रोज एक अध्याय म्हटलं तरी सगळं व्हायला सव्वातीन वर्षं लागतात. मोठी मुलं असलेल्या घराने नवा करार आठवड्याला पाच अध्याय घेतला तर बरोबर ५२ आठवड्यांत संपतो. लहान मुलं असतील तर अध्याय मोजू नका. बारा ते वीस ओव्यांचा, पुस्तकात उपशीर्षक दिलेला एक तुकडा घ्या. मार्काची १६ अध्यायांची शुभवार्ता अशी सुमारे दोन महिन्यांत होते.

क्रम असा धरा: आधी मार्क, मग उत्पत्ती, मग निर्गमाचे पहिले २० अध्याय, मग योहान, मग रूथ आणि १ शमुवेल, मग प्रेषितांची कृत्ये. शनिवारी एक स्तोत्र. १५० स्तोत्रांना जवळपास तीन वर्षं पुरतील. एवढं झालं की घराला वाचायची सवय लागलेली असते आणि मग पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सरळ जाता येतं. एकच नियम मोडू नका: पुस्तक सुरू केलं की क्रमानेच वाचा. इकडून एक वचन, तिकडून एक वचन, हे घरात नको.

याचं कारण नीट सांगायला हवं, कारण आपल्या मंडळ्यांत वचन सुटं करून घेण्याची सवय खोल गेली आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री चिठ्ठी काढून वर्षाचं अभिवचन घेतात, रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या चित्रावर एक ओळ येते. यिर्मया २९:११ हे त्यातलं सर्वांत आवडतं. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, हे खरंच आहे. पण मुलांबरोबर तो अध्याय पहिल्या ओवीपासून वाचा. बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं ते पत्र आहे. घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, त्या नगराचं हित पाहा, असं त्यांना सांगितलंय. आणि अकराव्या ओवीच्या आधीची दहावी ओवी म्हणते: सत्तर वर्षं. म्हणजे हे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाणारच नव्हते, तिथेच मरणार होते. आता ते अभिवचन लहान झालं का? उलट किती मोठं झालं ते दहावीतल्या मुलालाही कळतं. चिठ्ठीवरच्या ओळीत मात्र ते 'या वर्षी नोकरी लागेल' एवढंच उरतं, आणि नोकरी लागली नाही की देवाने शब्द पाळला नाही असं वाटतं.

घरं अडतात त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे वंशावळी. उत्पत्ती ५ वाचताना मुलांना बोटं मोजायला लावा: 'आणि तो मरण पावला' किती वेळा येतं? आठ वेळा येतं, आणि हनोखापाशी येत नाही. तो का सुटला, हे मुलंच विचारतील. एदेन बागेत देवाने काय सांगितलं होतं त्याचा हिशेब त्या अध्यायात चालू आहे, हे सांगायला एवढं पुरतं.

दुसरी जागा निर्गम २५ पासूनची, निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची मापं. नुसतं वाचलं तर तिसऱ्या ओवीला जांभया. खडू आणा. शास्त्रातलं माप 'हात' आहे आणि मराठी माणसाला ते शिकवावं लागत नाही: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे ४५ सेंटिमीटर. कराराचा कोश, म्हणजे त्या तंबूतली पवित्र पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, म्हणजे ११२ बाय ६७ सेंटिमीटरचा आयत फरशीवर काढा आणि उंची भिंतीवर. मुलाला त्याच्या भोवती उभं करा. एवढीशी पेटी, आणि तिला हात लावायची परवानगी नव्हती, उचलायची ती दांड्यांनी. दुसऱ्या दिवशी अंगणाचं माप घ्या, १०० हात बाय ५० हात, सुमारे ४५ बाय २२ मीटर. फुटबॉल बघणाऱ्या पोराला सांगा, शाहू स्टेडियमच्या निम्म्या मैदानात मावेल. मग लेवीय हे पुस्तक सुरू केलं तर त्यांना यज्ञ कुठे होतोय ते दिसतं.

तिसरी, लहानांपुढे न वाचण्यासारखे अध्याय: उत्पत्ती १९, ३४, ३८, शास्ते १९. म्हणूनच वाचणाऱ्याने सकाळी तो भाग एकदा डोळ्यांखालून घातला पाहिजे. लहान आहेत तोवर 'हा भाग मोठेपणी वाचू' असं सरळ सांगून पुढे जा, आणि मोठे झाले की खरंच वाचा. शास्त्रात नाहीच असं भासवू नका.

एका संध्याकाळचं वाचन

मार्क ४:३५-४१ घ्या, वादळाचा प्रसंग. सात ओव्या, वाचायला दीड मिनिट. वाचणाऱ्याने सकाळी तीन गोष्टी हेरून ठेवाव्यात. एक, ते गालील सरोवर रंकाळ्याएवढं नाही. लांबी सुमारे २१ किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर ते पन्हाळा, आणि पाण्याची पातळी समुद्राच्या दोनशे मीटर खाली. भोवती डोंगर, त्यामुळे वरचा गार वारा एकदम खाली कोसळतो. दोन, घाबरलेल्यांत पेत्र, अंद्रिया, याकोब आणि योहान होते, जन्माचे कोळी. पाण्यावर वाढलेली माणसं घाबरली म्हणजे वादळ खरंच मोठं होतं. तीन, एकेचाळिसावी ओवी.

वाचून झाल्यावर पहिला प्रश्न नेहमी साधा: काय झालं? सगळ्यांत धाकट्याला विचारा. तो म्हणेल, येशू झोपला होता. बरोबर. उशी घेऊन, दमून झोपला होता, म्हणजे खराखुरा माणूस. दुसरा प्रश्न: देवाबद्दल काय कळलं? इथे घाई करू नका, थोडी शांतता चालते. मग विचारा, शिष्य जास्त कधी घाबरले, वादळ असताना की थांबल्यावर? पुस्तकात बघून सांगायचं. थांबल्यावर. लाट ओसरली, आणि ज्याच्या एका शब्दाने ती ओसरली तो आपल्याच नावेत बसलाय, ही भीती आधीच्यापेक्षा मोठी होती. 'हा आहे तरी कोण?' असं ते म्हणतात, आणि उत्तर न देताच भाग संपतो. उत्तरासाठी स्तोत्र १०७:२३-३० मोठ्या मुलाकडून वाचून घ्या. वादळ शमवणारा तिथे कोण आहे ते तो स्वतः सांगेल. तिसरा प्रश्न: मग आपण काय करायचं?

इथे बहुतेक घरं उडी मारतात ती 'आपल्या आयुष्यातल्या वादळांवर'. परीक्षा, कर्ज, आजारपण. ते चुकीचं नाही, पण ते तिसऱ्या प्रश्नात येऊ द्या, पहिल्यात नको. वादळ आधी वादळच असू द्या. दावीद-गल्याथचं 'धीट व्हा', योसेफाचं 'स्वप्नं पाहा' असं करत गेलं तर मुलाच्या हातात बोधकथांचं पुस्तक उरतं, आणि ख्रिस्त त्यातला एक चांगला माणूस.

प्रश्न तीनच. मुलाचं उत्तर चुकलं तर 'कुठल्या ओवीत आहे?' एवढंच विचारा. तुम्हाला उत्तर येत नसेल तर तसं सांगा, वहीत लिहा, रविवारी पाळकसाहेबांना विचारा आणि सोमवारी घरात सांगा. हे सोमवारचं सांगणं विसरू नका.

गीत आणि प्रार्थना

आठवडाभर एकच गीत, सगळ्या कडव्यांसह. रोज नवं घेतलं तर वर्षाअखेरीस एकही पाठ नसतं. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकात परदेशी चालींवरची गीतंही आहेत आणि देशी चालींवरची भजनंही. घरात दुसरी जास्त सोपी जातात. ना. वा. टिळकांच्या भजनांना टाळी पुरते, पेटी-तबला लागत नाही. सुरुवात वडिलांनी केली की सूर बहुधा मुलांना खाली जातो आणि ती गप्प होतात. म्हणून गीत आईने किंवा मुलीने उचलावं, वडिलांनी खालच्या सप्तकात सोबत करावी. मोबाइलवर गाणं लावून त्याच्या मागे गाऊ नका. त्यात घराचा आवाज ऐकू येत नाही.

प्रार्थनेसाठी एक शंभर पानी वही ठेवा. डाव्या बाजूला मागणी आणि तारीख, उजवीकडे मोकळी जागा. उजवीकडे काही महिन्यांनी काय झालं ते लिहायचं, जसं झालं तसं. वार वाटून घ्या: सोमवारी घरातले आणि आजारी, मंगळवारी नातलग, बुधवारी मंडळी आणि पाळक, गुरुवारी शेजारी आणि कामावरची माणसं, शुक्रवारी सरकार आणि शहर, कारण १ तीमथ्य २:१-२ तसं सांगतं. शनिवारी रविवारची तयारी. विषय नेमका असू द्या. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी पेपरात येते, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. पाणी चढायला लागलं की नदीकाठी राहणाऱ्या ओळखीच्या घरांची नावं घेऊन प्रार्थना करा, आणि दुसऱ्या दिवशी सामान हलवायला मुलाला सोबत न्या. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या शहरात हे कुणाला समजावावं लागत नाही.

प्रत्येकाने एक-दोन वाक्यं. प्रभूच्या प्रार्थनेला अर्धा मिनिट लागतो हे लक्षात ठेवा, आणि मत्तय ६:७ मधला इशाराही. 'हे दयाळू, कृपाळू, प्रभू, प्रभू' अशी माळ मोठ्यांनी ओढली की मुलं तीच उचलतात आणि त्यामागे मागणं काही नसतं. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. प्रार्थनेतून शेजाऱ्याची बातमी सांगू नका. आणि मुलाला प्रार्थनेतून रागावू नका. 'प्रभू, ह्याला मोबाइल सोडून अभ्यासाची बुद्धी दे' हे देवाला सांगितलेलं नसतं, ते मुलाला कळतं, आणि डोळे मिटलेले असताना त्याला उत्तरही देता येत नाही. रागवायचं असेल तर दुपारी, समोरासमोर. दिवसात वडिलांचं काही चुकलं असेल, आवाज चढला असेल, तर प्रार्थनेआधी त्यांनीच मुलाची माफी मागावी.

पाठांतराला दोन आठवड्यांना एक ओवी बस. आधी संदर्भ, मग ओवी, मग पुन्हा संदर्भ. कागदावर लिहून फ्रिजवर लावा, रोज एक शब्द पुसत जा. स्तोत्र २३ च्या सहा ओव्या अशा तीन महिन्यांत होतात. मग अनुवाद ६:४-९, मग मत्तय ५:३-१२.

पाहुणे, सण, रविवार

पाहुणे आले म्हणून टाळू नका. 'आमची प्रार्थनेची वेळ आहे, पाच मिनिटं बसता का?' असं विचारा. गीत आणि एक छोटं स्तोत्र. नाही म्हणाले तर त्यांना चहा द्या, बाकीच्यांनी आत बसा. गणपतीत गल्लीत आवाज असतो, तेवढे दिवस सकाळी बसा. शेजाऱ्यांबद्दल कुरकुर प्रार्थनेत आणू नका.

प्रसादाचा प्रश्न मुलाला शाळेत आणि गल्लीत पडतोच, तेव्हा सणाआधीच्या आठवड्यात १ करिंथ १०:२५-३१ वाचा. पौल तिथे दोन्ही बाजू सांगतो: पुढे वाढलेलं न चौकशी करता खा, पण हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. मुलाला वाक्य तयार करून द्या: 'काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, राग मानू नका हं.' हात जोडून, हसून. टिंगल नाही, वाद नाही, हातात घेऊन नंतर टाकून देणं तर नाहीच. आणि नाताळला करंज्या-चकल्यांचं पहिलं ताट त्याच काकूंच्या घरी मुलानेच न्यायचं.

रविवारी वेगळी बैठक नको. शनिवारी रात्री कपडे इस्त्री, दान पाकिटात, शास्त्र पिशवीत, म्हणजे सकाळी आरडाओरडा होत नाही. दुपारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणावर उपदेशाबद्दल बोला: शास्त्रभाग कुठला होता, मुख्य गोष्ट काय, आपल्या घराला काय लागू पडतं. पाळकांचा आवाज, वेळ, कुणी कुठली साडी नेसली होती, हे त्या ताटावर येऊ देऊ नका. उपदेशात शास्त्राला धरून नव्हतं असं खरंच वाटलं तर तो भाग सोमवारी घरात उघडून वाचा, आणि मग पाळकांशी एकट्याने बोला.

खंड पडला तर

पडणारच. लग्न, बारसं, दवाखाना, परीक्षा. राहिलेले दिवस भरून काढायला एका रात्री तीन भाग वाचू नका. घरात कुणी गेलं असेल तर त्या दिवसांत प्रश्न विचारू नका, गीताचाही आग्रह नको. स्तोत्र ९० किंवा योहान १४ च्या पहिल्या सहा ओव्या वाचा, प्रभूची प्रार्थना म्हणा, उठा. महिनाभराचा खंड पडला असेल तर मुलांपुढे कारणं सांगत बसू नका आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरूही करू नका. पुस्तकात खुणेची चिठ्ठी असते. ताटं उचला, टीव्ही बंद करा, आणि चिठ्ठी जिथे आहे तिथून पुढच्या बारा ओव्या वाचा.